ॲपेंडिक्स, बाटली आणि तीन आठवड्यांनी आलेला रिपोर्ट



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय रुक्ष आहे आणि थोडा घाबरवणारा, पण तरी शेवटपर्यंत वाचा. यातली निम्मी गोष्ट तुमच्या माझ्या कपाटातल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, जिच्यात आपण इंडियातले सगळे मेडिकल कागद कोंबून ठेवतो. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. हिशेब तपासणं हा माझा धंदा. पण गेलं वर्षभर या एका आजाराबद्दल जितकं वाचलं तितकं सीएच्या परीक्षेलाही वाचलं नव्हतं. इथल्या एका मराठी डॉक्टर मैत्रिणीने हे वाचून माझ्या चुका काढल्यात. उरल्या असतील त्या माझ्या.

तर झालं असं. माझा एक जुना मित्र इथेच वेम्बलीत राहतो. वय ४६, सिटीतल्या एका बँकेत आयटीमध्ये. त्याची गोष्ट लिहायची परवानगी त्याने दिलीय, पण नाव लिहायचं नाही या अटीवर. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका शुक्रवारी रात्री त्याच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीच्या आसपास, मग हळूहळू उजवीकडे खाली. वहिनींनी ओवा दिला, मग हिंगाचं पाणी, मग इनो. पहाटे चारला ताप चढला आणि दोघं टॅक्सीने कॅज्युअल्टीत गेले. दुपारपर्यंत सीटी स्कॅन, संध्याकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन, सोमवारी घरी. बुधवारी गडी लॅपटॉप उघडून कॉलवर. आम्ही त्याला फोन करून म्हटलं, अरे, ॲपेंडिक्सच काढलंय ना, त्यात काय, अर्ध्या महाराष्ट्राचं काढलंय!

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून फोन आला. रिपोर्ट आलाय, क्लिनिकला या, आणि येताना सोबत कोणाला तरी आणा. इथे राहणाऱ्या माणसाला या शेवटच्या वाक्याचा अर्थ लगेच कळतो.

काढलेल्या ॲपेंडिक्सची पॅथॉलॉजिस्टने तपासणी केली होती आणि त्यात 'लो-ग्रेड म्युसिनस निओप्लाझम' सापडला होता. हा कॅन्सर आहे का, असं त्याने विचारलं. सर्जनबाई म्हणाल्या, याला सरळ हो म्हणता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. मग त्यांनी विचारलं, याआधी पोटाचा कधी स्कॅन झाला होता का? पूर्वी काही लक्षणं? तो ठामपणे नाही म्हणाला.

परत येताना बसमध्ये वहिनींना आठवलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पुण्याला गेले होते, तेव्हा सासऱ्यांच्या आग्रहाखातर दोघांनी 'एक्झिक्युटिव्ह चेकअप' करून घेतलं होतं. आपण सगळेच करतो. इथे जीपी साधी रक्ततपासणी करायला कुरकुरतो आणि तिथे एका सकाळी डोक्यापासून पायापर्यंत सगळं होतं, वर उपम्याचा नाश्ता फुकट. घरी येऊन त्यांनी ती फाइल काढली. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पहिली ओळ नेहमीचीच, 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. (ही ओळ नसलेला रिपोर्ट मी आजवर पाहिलेला नाही.) आणि खाली, पाचव्या की सहाव्या ओळीत, ॲपेंडिक्स ठळक दिसतंय, व्यास १४ मिलिमीटर, दाबल्यावर दबत नाही, 'क्लिनिकल कोरिलेशन' करावं. साधं ॲपेंडिक्स साधारण ६ मिलिमीटरच्या आत असतं. त्या वेळी पोटात काही दुखत नव्हतं. त्याने फॅटी लिव्हरची ओळ वाचली, दोन महिने भात सोडला, आणि फाइल सूटकेसच्या तळाशी गेली. इथल्या जीपीला ती कधी दाखवलीच नाही.

यात मी त्याला नावं ठेवत नाहीये. माझ्या कपाटात अशा तीन फायली आहेत.

आता जरा त्या अवयवाबद्दल. आपल्या शाळेच्या पुस्तकात याला आंत्रपुच्छ म्हणायचे. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे उजवीकडे खाली लोंबणारी आठ-दहा सेंटिमीटरची, करंगळीएवढी बंद नळी. तिच्या आतल्या अस्तरातल्या पेशी सतत थोडा थोडा बुळबुळीत स्राव सोडत असतात. तो आतड्यात निघून जातो. पण अस्तरातच गाठ झाली, किंवा नळीचं तोंड बुजलं, की तो स्राव आत साठत जातो आणि नळी फुगते. काही गाठी स्राव बेसुमार बनवतात. फुगता फुगता नळी चिरली, की ती जेली पोटाच्या पोकळीत पडते, आणि जेलीबरोबर गेलेल्या पेशी तिथे चिकटून आणखी जेली बनवत राहतात. हे वर्षानुवर्षं चालतं, बऱ्याचदा न दुखता. याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय म्हणतात. इंग्रजीत रुग्ण आपसात त्याला 'जेली बेली' म्हणतात, ऐकायला लाडिक वाटतं, पण प्रकार लाडिक नाही.

माझ्या मित्राचं नशीब असं की त्याचं ॲपेंडिक्स फुगलं होतं, फुटलं नव्हतं.

ॲपेंडिक्समधल्या सगळ्याच गाठी अशा नसतात. एक जात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची. हा शब्द २०१८ च्या मार्चमध्ये इरफान खानमुळे आपल्या घराघरात पोचला. नावाला घाबरू नका, कारण हा ट्यूमर शरीरात कुठे आहे आणि केवढा आहे यावर सगळं ठरतं. ॲपेंडिक्समध्ये तो सापडतो तेव्हा बहुतेक वेळा शेंगदाण्यापेक्षा लहान असतो. एक सेंटिमीटरच्या आतला असेल तर ॲपेंडिक्स काढलं की सहसा काम संपलं. दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढायचा सल्ला देतात. मधल्या मापाला डॉक्टर लोक टेबलाभोवती बसून खल करतात. दुसरी जात म्हणजे वर सांगितलेली, जेली बनवणारी. ती सौम्यही असते आणि आक्रमकही. तिसरी जात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखी. आणि चौथी गॉब्लेट सेलची. तिला आधी कार्सिनॉइडच्या घरात बसवलं होतं, २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला सरळ ॲडिनोकार्सिनोमा म्हणायचं ठरलं. म्हणजे जुन्या रिपोर्टवरचं नाव आणि आजचं नाव वेगळं असू शकतं. हे लक्षात ठेवा, कारण इंटरनेटवर जुनं नाव टाकलं तर जुनीच उत्तरं मिळतात.

आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीला ॲपेंडिक्स म्हटलं की कॅन्सर नाही, एकदम मरण आठवायचं. पिकलं, फुटलं, गेला. पुण्याच्या मंडळींना ससूनमधली ती खोली माहीत असेल. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना १९२४ च्या जानेवारीत पोटाचा असह्य त्रास झाला, त्यांना ससून हॉस्पिटलात हलवलं आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने त्यांचं ॲपेंडिक्स काढलं. ऑपरेशन चालू असताना दिवे गेले आणि शेवट कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. कैद्याला काही झालं असतं तर देशात काय भडकलं असतं, हे मॅडॉकसाहेबांना दिव्याशिवायही दिसत असणार. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिलं. माझी आजी कोणाचंही ॲपेंडिक्स काढलं की म्हणायची, "गांधीबाबाचं झालं तेच ना?"

आपल्या या लंडनचा त्यात मोठा वाटा आहे. ॲपेंडिक्स यशस्वीपणे काढल्याची पहिली नोंद १७३५ सालची, हाइड पार्क कॉर्नरजवळच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलातली. क्लॉडियस अमियांड नावाच्या सर्जनने ११ वर्षांच्या एका मुलाचा हर्निया उघडला, तर आत ॲपेंडिक्स, आणि ॲपेंडिक्समध्ये गिळलेली टाचणी! भूल न देता. पुढे १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना राजेसाहेबांचंच ॲपेंडिक्स पिकलं. फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी २४ जूनला बकिंगहॅम पॅलेसमध्येच पू काढला, समारंभ ऑगस्टवर गेला. त्याच ट्रीव्हज यांची मुलगी दोनच वर्षांपूर्वी याच दुखण्याने गेली होती.

या घाईगर्दीच्या, पूवाल्या आजारामागे दुसरा संथ आजार झाकला गेला. खरं तर डॉक्टरांनी तो आधीच पाहिला होता. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कींनी १८४२ मध्ये जेलीने फुगलेल्या ॲपेंडिक्सचं वर्णन केलं होतं. १९०७ मध्ये म्युनिकच्या ओबर्नडॉर्फर यांनी 'कार्सिनॉइड' हा शब्द दिला, म्हणजे कॅन्सरसारखं दिसणारं पण त्याच्याइतकं दुष्ट नसलेलं. सगळ्यात मोठा घोटाळा बायकांच्या बाबतीत झाला. १८८४ मध्ये वेर्थ या जर्मन डॉक्टरने स्यूडोमिक्सोमा हे नाव दिलं, ते अंडाशयाच्या गाठीशी जोडून. बाईच्या पोटात जेली आणि अंडाशयावर गाठ, म्हणजे मूळ अंडाशयात, असा सरळ हिशेब. त्यानंतर जवळजवळ शतकभर बहुतेक डॉक्टर तोच हिशेब मांडत राहिले. १९९० च्या दशकात पॅथॉलॉजिस्टांनी नीट तपासलं तेव्हा बहुतेक वेळा मूळ ॲपेंडिक्समध्ये निघालं. अंडाशयावर ते फक्त जाऊन बसलं होतं. हिशेबनीस म्हणून सांगतो, अशी चूक आमच्याकडेही होते. रक्कम ज्या खात्यात दिसते त्या खात्यातली असतेच असं नाही.

ऑड्री हेपबर्न तुम्हाला 'रोमन हॉलिडे'मुळे आठवत असेल. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये ती युनिसेफतर्फे सोमालियाच्या दुष्काळी छावण्यांत गेली होती. परतल्यावर पोटात दुखू लागलं. आधी वाटलं, तिकडे काहीतरी जंतुसंसर्ग झाला असेल. नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला पोट उघडून पाहिलं तर ॲपेंडिक्समध्ये सुरू झालेला कॅन्सर पोटभर पसरलेला. २० जानेवारी १९९३ ला ती गेली, वय ६३. अमेरिकेतला स्टुअर्ट स्कॉट हा खेळांचा निवेदक, त्याचं तर अगदी माझ्या मित्रासारखं झालं. २००७ मध्ये तातडीने ॲपेंडिक्स काढलं आणि तपासणीत कॅन्सर निघाला. तो सात वर्षं झुंजला, कॅमेऱ्यासमोरही येत राहिला. ४ जानेवारी २०१५ ला गेला, तेव्हा ४९ वर्षांचा होता.

आता लक्षणं. सगळे मला हेच विचारतात, आणि इथेच पंचाईत आहे. सुरुवातीला बहुतेक वेळा लक्षण नसतंच. असलंच तर ते साध्या ॲपेंडिक्सच्या दुखण्याचं सोंग घेऊन येतं. म्हणूनच इतके रुग्ण ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये सापडतात. पुढच्या पायरीला उजवीकडे खाली बोथट, येऊन जाऊन दुखणं, थोडं जेवलं तरी पोट गच्च होणं, शौचाच्या सवयीत बदल. आणि पोटाचा घेर वाढणं. हे शेवटचं फार फसवं आहे. चाळिशीनंतर ज्याचं पोट वाढत नाही असा देशस्थ मला दाखवा! :-) पण फरक असा की हातपाय, चेहरा तसाच राहतो, कधी वजनही उतरतं, आणि पट्ट्याचं भोक मात्र पुढे सरकत जातं. सलवारची नाडी, परकराचा नाडा रोजच्या जागी बसत नाही. पुरुषांत कधी कधी नवा हर्निया होतो आणि त्याच्या ऑपरेशनमध्ये आत जेली दिसते. बायकांमध्ये सोनोग्राफीत 'ओव्हरियन सिस्ट' म्हणून येतं.

आणि आपल्या बायका! पोट फुगलं, 'गॅस झालाय'. पाळी जायच्या वयात, 'वयाचं आहे'. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी, 'साबुदाणा बाधला'. माझी आई, सासू, दोन्ही मावश्या, सगळ्यांनी ओव्यावर आयुष्य काढलंय. दहात नऊ वेळा काय, त्याहून जास्त वेळा ते बरोबरच असतं. पोट फुगणाऱ्या प्रत्येकाने कॅन्सरच्या नावाने रडत बसावं असं मी म्हणत नाही. हा आजार खरंच दुर्मीळ आहे. पण एनएचएसचा स्वतःचा सल्ला साधा आहे. पोट फुगलेलं तीन आठवडे राहिलं तर जीपीकडे जा. तीन आठवडे, सहा महिने नव्हे. जीपीकडे गेलं की 'पॅरासिटामोल घ्या' म्हणतो, हा आपला लाडका विनोद मलाही माहितीय. पण त्याला 'गॅस होतो' एवढंच सांगितलं तर तो दुसरं काय सांगणार? 'अमुक महिन्यापासून, रोज, कंबर इतके इंच वाढली, वजन मात्र घटलं' असं सांगितलं की त्याच्याही कपाळावर आठी येते. आकडे द्या. आपण आकडेवारीची माणसं.

एक गैरसमजही मोडतो. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी पोस्टाने आतड्याच्या कॅन्सरच्या चाचणीचं किट येतं. ते जरूर करा, लाजू नका, ते मोठ्या आतड्यासाठी चांगलंच आहे. पण ॲपेंडिक्सच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही. ती चाचणी शौचातलं न दिसणारं रक्त शोधते आणि बंद नळीतली गाठ बऱ्याचदा ते सोडतच नाही. कोलोनोस्कोपीतही नळीचं तोंड तेवढं दिसतं, आतलं सहसा नाही. सीटी, एमआरआय, आणि रक्तातले सीईए, सीए १९-९, सीए १२५ असे काही आकडे, यांची मोळी बांधून डॉक्टर अंदाज घेतात. पक्कं उत्तर काढलेल्या तुकड्यातच.

तुकड्यावरून आठवलं. हल्ली ॲपेंडिक्स सुजलं तरी प्रत्येक वेळी काढत नाहीत. अँटिबायोटिकवर बरं होतं, आणि २०२० च्या कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये पुष्कळांना तसंच बरं केलं. तरुण माणसाला, साध्या सुजेला, हा चांगला पर्याय आहे. पण वय चाळिशीच्या पुढे असेल आणि ॲपेंडिक्सभोवती पू किंवा गोळा झाला असेल, तर गोष्ट वेगळी. फिनलंडमध्ये अशा रुग्णांवर एक अभ्यास चालू होता. गोळा विरल्यावर ॲपेंडिक्स काढावं की नुसतं एमआरआय करून लक्ष ठेवावं, एवढाच प्रश्न. ६० रुग्ण झाले आणि त्यांना अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण त्यातल्या १२ जणांच्या ॲपेंडिक्समध्ये गाठ निघाली. सगळे चाळिशीच्या पुढचे. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत असं आलं, की चाळिशीच्या पुढच्या अशा रुग्णाला ऑपरेशनशिवाय घरी सोडलं तर नंतर कोलोनोस्कोपी आणि सीटी करावा. म्हणजे तुमचं असं झालं असेल, आणि 'बरं वाटलं, विसरलो' म्हणून पुढची अपॉइंटमेंट सोडली असेल, तर ती परत घ्या. विसरू नका असं मी म्हणून काय होणार, फोन करा.

तरुणांनी तरी निश्चिंत असावं का? २०२५ मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरचा एक अभ्यास आला. १९४५ च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९८० च्या आसपास जन्मलेल्यांत ॲपेंडिक्सच्या कॅन्सरचं प्रमाण तिपटीहून जास्त आणि १९८५ वाल्यांत चौपटीहून जास्त दिसलं. चौपट झालं तरी दुर्मीळ ते दुर्मीळच, आणि असं का होतंय ते अजून कोणाला नक्की सांगता आलेलं नाही. पण आपल्यातले एच-वन, टियर-टू करून आलेले बरेचसे याच वयाचे.

पोटात पसरलंच तर काय? इथे एक चांगली बातमी आहे, आणि ती आपल्यापासून फार लांब नाही. वॉटर्लूहून ट्रेनने जाता येईल अशा बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात १९९४ पासून या आजाराची ऑपरेशनं होतायत, आणि २००० पासून ते त्यासाठीचं राष्ट्रीय केंद्र आहे. दुसरं केंद्र मँचेस्टरच्या क्रिस्टीमध्ये. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांनी ही पद्धत रुजवली. आठ-दहा तासांचं ऑपरेशन. जिथे जिथे जेली चिकटलीय ते सगळं काढायचं, पोटाचं अस्तर, चरबीचा पडदा, गरज पडली तर प्लीहा, पित्ताशय, बायकांत अंडाशय. मग सुमारे ४२ अंशांपर्यंत तापवलेलं केमोचं औषध तास-दीड तास पोटात खेळवायचं. रुग्ण त्याला 'सगळ्या ऑपरेशनांची आई' म्हणतात. आक्रमक जातीत निकाल तितके चांगले नाहीत, पण सौम्य जातीत जेली पूर्ण काढता आली तर माणसं वर्षानुवर्षं जगतात, नोकरीवर परततात. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्येही हे होतं. म्हणून घरच्या कोणाला तिकडे हे निदान झालं, तर पहिल्या सर्जनने 'पोट उघडून जेवढं निघतंय तेवढं काढू' म्हटल्यावर लगेच मान डोलवू नका. हे रोज करणाऱ्याला आधी कागद दाखवा. पहिलं ऑपरेशन अर्धवट झालं तर दुसरं अवघड होतं.

कागद म्हणजे नुसता रिपोर्ट नव्हे. तुकडा मेणात बसवून त्याचा 'ब्लॉक' करतात, त्यावरून काचेच्या 'स्लाइड' कापतात. लॅब ते वर्षानुवर्षं सांभाळते. मोठं केंद्र स्वतः ते परत तपासतं. इंडियात लेखी अर्ज करून मिळतात, आणि ते घेऊन मुंबईहून लंडनला आलेली माणसं मी पाहिलीत, हातसामानात, पापडांच्या शेजारी.

आता माझी गोष्ट. मित्राचं हे झाल्यावर मी जीपीकडे नेहमीच्या तपासणीला गेलो. पूर्वीची ऑपरेशनं? म्हटलं, ॲपेंडिक्स, १९९१, गावी, एका छोट्या नर्सिंग होममध्ये. आणि रिपोर्ट काय आला होता? मी गप्प. मला फक्त बाटली आठवत होती. तुमच्यातल्या ज्यांची ऑपरेशनं त्या काळी झालीत त्यांना ती आठवेल. ऑपरेशन झालं की डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना ट्रेमध्ये किंवा बाटलीत काढलेलं ॲपेंडिक्स दाखवायचे. सगळे माना पुढे करून बघायचे, 'बापरे, केवढं झालं होतं!' आणि मग ती बाटली नातेवाइकाच्याच हातात द्यायचे, तालुक्याच्या लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. बाबांच्या हातात ती बाटली मी गुंगीतून पाहिली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

त्या रविवारी आईला फोन केला.

"आई, अगं त्या बाटलीचं पुढे काय झालं?"

"कुठल्या बाटलीचं?"

"माझ्या ॲपेंडिक्सच्या."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "अरे, ती लॅब बंद होती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तुझे बाबा म्हणाले, डॉक्टर तर म्हणतायत साधंच आहे, कशाला दीडशे रुपये. ती कोनाड्यात होती बरेच दिवस. मग मीच टाकली."

दीडशे रुपये तेव्हा बाबांच्या पगारात काय होते ते मला माहितीय, त्यामुळे राग नाही आला. जीपीला जे झालं ते सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, तेहतीस-चौतीस वर्षं झाली, तुम्हाला काही त्रास नाही, यासाठी आता काही करायला नको. पण तिने कॉम्प्युटरवर लिहिलं, 'ॲपेंडिक्स काढलं १९९१, तपासणी झाली नाही'. आजवर तिथे नुसतं 'ॲपेंडिक्स काढलं' होतं.

मित्राचं सांगायचं तर, त्याच्या बाबतीत कडा स्वच्छ निघाल्या, बाहेर जेली नव्हती, आणखी ऑपरेशन लागलं नाही. पाच वर्षं दरवर्षी स्कॅन आणि रक्त. पहिल्या स्कॅनला मी त्याच्यासोबत गेलो होतो. वहिनींनी पुण्याच्या फाइलमधलं ते पान वर लावून, त्या ओळीखाली पिवळी रेघ मारून दिली होती. रजिस्ट्रारने ते पान वाचलं, त्याची प्रत काढून घेतली, आणि विचारलं, "यापूर्वीचंही काही आहे का?" २०१७ च्या दिवाळीतलं आहे. ते सासऱ्यांच्या कपाटात सापडलंय, येत्या आठवड्यात पुण्याहून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून येतंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वेम्बलीकर